कडीसर आणि अक्षरखाऊ

कडीसरांच्या हातात फ्लॉपी द्यायची म्हणजे मुलगी दाखवायला नेल्यासारखं असायचं. सर हात पुढे करायचेच नाहीत. चष्म्यावरून आधी तिच्याकडे बघायचे, मग तिला घेऊन आलेल्या माणसाकडे, आणि विचारायचे, "कुटून आली? तिच्या आदी कुणाच्या घरी व्हती? मदी कुटं मुक्काम केला का?" समोरचा "अहो सर, नुसती एक यादी आहे हिच्यात" म्हणाला तरी सुटका नाही. लांबट वहीत त्या फ्लॉपीचं माहेर-सासर लिहून झालं, की मगच सर ती दोन बोटांत धरणार. माजलगावात लोक चिडवायचे, "सर, गुण पण जुळवून घ्या." सर गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "तेच चाललंय की."

ज्यांनी फ्लॉपी कधी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी सांगते. तळहाताएवढा काळा चौकोन, त्यात एका कॉम्प्युटरवरचं लिखाण भरून दुसरीकडे न्यायचं. लिखाणाबरोबर व्हायरसही जायचा, आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. कडीसरांचं सगळं आयुष्य पुढे त्या काळ्या चौकोनाभोवती फिरलं, पण त्यांची सुरुवात तिथली नव्हे. ते मूळचे टायपिंगचे मास्तर.

माजलगावच्या मोंढ्यामागे, म्हणजे धान्याच्या बाजारामागे, वरच्या मजल्यावर त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. तिथं खोडरबर आणायला बंदी होती. "खोडलं की चूक जात न्हाई, लपती," असं ते पहिल्याच दिवशी सांगायचे. चुकलेल्या अक्षराभोवती लाल पेन्सिलीचा गोल व्हायचा आणि कागदाच्या तळाशी तीन ओळी असायच्या. चुका. शेरा. तपासणाऱ्याची सही. सही झाली की पेपर गोळा, मग कितीही हातापाया पडा, कागद परत मिळायचा नाही. तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांनी त्या लाल गोलांचा धसका घेतला होता आणि उरलेल्या निम्म्यांनी तो अजून सोडलेला नाही.

मग नव्वदीची ती वर्षं आली. गल्लीत एसटीडी बूथ, घरावर छत्रीची डिश, आणि प्रत्येक वळणावर 'कॉम्प्युटर शिका'ची पाटी. टायपिंगच्या मशिनी एकेक करून गप्प व्हायला लागल्या. दुसरा एखादा रडत बसला असता. सरांनी पन्नाशी ओलांडल्यावर आपल्याच जुन्या विद्यार्थ्याकडे बसून कॉम्प्युटर शिकून घेतला. अशातच जवळच्या एका साखर कारखान्यात व्हायरस शिरला आणि सहा गावांची ऊसनोंद रात्रीत पुसली गेली. उसाला तोड कधी मिळणार ते त्या नोंदीवर ठरतं. सकाळी सहा गावांचे लोक कारखान्याच्या फाटकावर. सगळी यादी पुन्हा टाइप करायला सरांना बोलावलं. दहा दिवस तिथं बसून सर परत आले ते एकच बोलत, "घराला कडी लावतो, सायकलीला कुलूप लावतो, अन् ह्या डब्याला कायबी न्हाई? कावून?"

त्या 'कावून'मधून, म्हणजे 'का म्हणून'मधून, मासिक निघालं. नाव 'कडीकोयंडा'. आठ पानं, दर महिन्याला, संगणकाच्या सुरक्षेला वाहिलेलं. कारखान्यांच्या कॉम्प्युटर खोल्या, बँका, पतसंस्था, कॉम्प्युटर क्लासवाले, छापखाने आणि आमच्यासारखे डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका-हँडबिलं जुळवून देणारे, हे त्याचे वाचक. या धंद्याची मासिकं तेव्हा दिल्लीहून यायची, गुळगुळीत कागदाची, इंग्रजीतली. सरांना त्यांचं काडीचं दडपण नव्हतं. "दिल्लीवाल्याला आपल्या बोर्डाची लाइट कवा जाती ते ठाव हाय का? मग त्यो आपल्याला काय शिकवणार?" असं म्हणून ते आपली भाषा वापरायचे. व्हायरसला कीड, तो शोधून मारण्याला फवारणी, आणि लिखाणाची जास्तीची प्रत काढून ठेवण्याला बेगमी. 'पावसाळ्याआधी घरात बेगमी करता, तशी शनिवारी कॉम्प्युटरची करा', हे वाक्य आमच्या भागातल्या कितीतरी भिंतींवर चिकटवलेलं मी पाहिलंय. मासिकावरून सरांचं नाव कडीसर पडलं, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

त्यांच्याकडे कॉम्प्युटर दोन. एक सोवळ्यातला, एक ओवळ्यातला. बाहेरची फ्लॉपी आधी ओवळ्यातल्याला लावायची, फवारणी करायची, आणि तिथं निर्मळ निघाली तरच सोवळ्यातल्याच्या वाट्याला. सोवळ्यातल्याला तर चतुर्थीला हळदीकुंकवाचं बोटही लागायचं. मला हसू यायचं. आमच्या लिंगायताच्या घरात सोवळं कुणी पाळलं नाही आणि हा माणूस यंत्राला सोवळं नेसवून बसलाय! पण सोवळ्यातला तो डबा शेवटपर्यंत एकदाही बिघडला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

एवढं कौतुक करते आहे, तरी सरांना मी पहिल्यांदा भेटले ती भांडायला.

गेवराईत स्टँडच्या रस्त्यावर माझ्या भावाचं, अण्णाचं, किराणा दुकान आहे. त्यातला एक कोपरा प्लायवूड लावून वेगळा केला होता आणि तिथं माझं डीटीपीचं दुकान होतं. सासरी पटलं नाही म्हणून मी माहेरी आलेली. बायका बाजारात गाठून विचारायच्या, सासर कुठलं, कधी आलीस, परत कधी जाणार. काय झालं ते मात्र मला कुणी विचारलं नाही. आपण वाईट, हे आधीच ठरलेलं. त्या प्लायवूडच्या आड मी शिकले, लग्नपत्रिका केल्या, शाळेच्या प्रश्नपत्रिका केल्या, आणि तीन वर्षांत लोक मला 'माहेरी आलेली' न म्हणता 'पत्रिकेवाल्या मंगलताई' म्हणायला लागले. हे दुकान म्हणजे माझी उभी राहायची जागा होती. दुसरी जागा मला नव्हती.

लिंबागणेशच्या एका भजनी मंडळाची पत्रिका मी केली आणि फ्लॉपीवर घालून बीडच्या छापखान्यात पाठवली. तिथल्या ऑपरेटरनं फ्लॉपी उघडली, तर श्रीगणेशाच्या जागी डोक्यावर दोन टिंबं घेतलेला यू, पुढे एक कंस, मग टक्क्याचं चिन्ह. सगळं पान तसंच. त्याची बोबडी वळली. कडीकोयंडा त्याच छापखान्यात छापला जायचा, आणि सर त्या दिवशी तिथंच आलेले. त्यांनी फ्लॉपी नेली, ओवळ्यातल्या कॉम्प्युटरला लावली. तीच भुतावळ! फवारणी केली, तर कीड सापडेना. आणि इथंच आमच्या हुशार माणसाची गाडी घसरली. कीड सापडत नाही, म्हणजे ती नाहीच, असा विचार करायचा सोडून त्यांनी ठरवलं की ही अजून कुणालाच माहीत नसलेली नवी कीड आहे. दिल्लीच्या आधी माजलगावला सापडलेली! अंक छपाईला जायचा होता. पहिल्या पानावर ठळक मथळा आला: 'सावधान! मराठी अक्षरं खाणारी नवी कीड. उगम गेवराई.' नाव ठेवलं, अक्षरखाऊ.

माझं नाव छापलं नव्हतं. पण गेवराईत तेव्हा डीटीपीची दुकानं होती किती? एक. नाव छापलं काय न् नाही काय!

आठवड्यात दुकान ओस पडलं. शाळेचा शिपाई माझी फ्लॉपी वर्तमानपत्रात गुंडाळून परत देऊन गेला. पतसंस्थेतल्या बाई म्हणाल्या, "मंगलताई, राग मानू नका, पण ती पिशवी बाहेरच ठेवा." लग्नपत्रिका करून घ्यायला आलेले एक गृहस्थ दारातूनच वळले. "शुभकार्य हाय ताई, कीड नको." मी ओरडले, अहो कागदाला लागत नाही ती! तर ते म्हणाले, "तसं न्हाई, पण कशाला?" या 'कशाला'ला काय उत्तर द्यायचं? तिसऱ्या दिवशी अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंगल, महिन्याअखेर बंद करू. तिथं साबणाचे खोके तरी राहतील." त्या दिवशी मी रडले. मग तोंड धुतलं आणि बूथवर जाऊन सरांना फोन लावला. मला माहीत होतं काय झालंय ते. माझ्याकडे एका कंपनीचे मराठी फॉन्ट होते, म्हणजे अक्षरांचे साचे, आणि छापखान्याकडे नि सरांकडे दुसऱ्या कंपनीचे. साचा नसला की अक्षर उमटत नाही, वेडंवाकडं काहीतरी येतं. माझंच मशीन एकदा नव्यानं भरलं तेव्हा माझ्याच पत्रिका अशा दिसल्या होत्या. हे सगळं मी एका दमात सांगितलं. पलीकडून सर म्हणाले, "फोनवर बोलून कीड मरती का, बाई? पुरावा आना."

आणला. कॉम्प्युटरचा डबाच्या डबा गोधडीत गुंडाळला, माजलगावच्या एसटीत बसले आणि खड्ड्याखड्ड्याला तो मांडीवर सांभाळत गेले. कंडक्टरनं विचारलं, "ताई, बाळ लई शांत हाय?" मी म्हटलं, "बाळ नाही, पुरावा आहे." त्यानं तिकीट फाडून हातात दिलं.

वर गेले तेव्हा सरांसमोर पुण्याचा एक टायवाला बसला होता. व्हायरसवरचं औषध विकणाऱ्या कंपनीचा माणूस. अक्षरखाऊवर उतारा काढतो म्हणत होता, आणि वर्षभर मलपृष्ठावर जाहिरात द्यायचं कबूल करून बसला होता. मी डबा सरांच्या टेबलावर आदळला. अंगात आलं होतं माझ्या. म्हटलं, "सर, फ्लॉपीचं माहेर विचारलंत, सासर विचारलंत, वहीत लिहून घेतलंत. तिला झालंय काय, हे तिच्या घरी येऊन विचारलंत का? एक कार्ड टाकलं असतं, मी आले असते. न विचारता गावभर केलंत?" बोलता बोलता मला कळेना, मी फ्लॉपीचं बोलतेय की माझं. टायपिंग करणारे सगळे हात थांबले.

सर उठले, ओवळ्यातल्या कॉम्प्युटरचा पडदा, म्हणजे मॉनिटर, काढून माझ्या डब्याला जोडला आणि ती फ्लॉपी आत सरकवली. श्रीगणेशाय नमः! वेलांटी नाही हलली की काना नाही हलला. मग मी माझे फॉन्ट दुसऱ्या फ्लॉपीवर घेऊन त्यांच्या ओवळ्यातल्यात भरले, पडदा परत जोडला, भजनी मंडळाची पत्रिका उघडली. दोन टिंबांचा यू गेला आणि गणपती आला. सर खुर्चीत बसले, चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

"म्हंजी कीड फ्लॉपीत न्हवतीच," ते म्हणाले. "माज्या डोस्क्यात व्हती."

टायवाला चपळ. म्हणाला, "सर, एवढं मनावर घेऊ नका. पुढच्या अंकात आत कुठेतरी दोन ओळी टाका. अक्षरखाऊचं मार्केटमध्ये नाव झालंय, ते कशाला घालवायचं?" सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्या माणसाची दयाच आली. "नाव कुणाचं झालंय साहेब? हिचं झालंय, गेवराईत. अन् तुमी औषद इकणार कशावर? जी कीडच न्हाई तिच्यावर?" टायवाल्यानं बॅग उचलली. जाहिरात गेली ती गेलीच.

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात मथळा आला: 'चूक आमची. गेवराईच्या फ्लॉपीत कीड नव्हती.' खाली माझं नाव, माझ्या परवानगीनं, आणि फॉन्टचं सगळं प्रकरण समजावून सांगितलेलं. सर तेवढ्यावर थांबले नाहीत. अंकांचा गठ्ठा काखेत मारून स्वतः गेवराईला आले. शाळेत गेले, पतसंस्थेत गेले, त्या शुभकार्यवाल्यांचं घर शोधून काढलं. प्रत्येकाच्या हातात अंक द्यायचा आणि समोर उभं राहायचं. "वाचा. मोट्यानं वाचा. मी उबा हाय." पतसंस्थेतल्या बाईंना तर 'चूक आमची' दोनदा वाचायला लावलं, पहिल्यांदा हळू वाचलं म्हणून. अण्णानं हे सगळं गल्ल्यावरून पाहिलं. साबणाच्या खोक्यांचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

संध्याकाळी माझ्या कोपऱ्यात बसून सरांनी पिशवीतून तो जुना अंक काढला, सावधानवाला. मथळ्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल. तळाशी त्यांच्या वळणदार अक्षरात तीन ओळी. चुका: एक, पण मोठी. शेरा: नापास, पुन्हा बसावे. तपासणाऱ्याची सही: रिकामी. अंक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तपासणार तुमी. करा सही."

माझा राग निवळला होता, पण इतक्या लवकर सोडायचं म्हणजे काय! मी म्हटलं, "आत्ता नाही. गिऱ्हाईक परत येऊ द्या, मग बघू."

"बरूबर हाय," सर म्हणाले, आणि अंक घडी घालून पिशवीत ठेवला.

गिऱ्हाईक दोन महिन्यांत परत आलं. सर दर महिन्याला येत राहिले. आमचा भाग अशा अक्षरखाऊंनी भरलेला निघाला! परळीहून, केजहून, आंबेजोगाईहून पत्रं आली: आम्हीही घाबरून चांगली लिखाणं पुसून टाकली, कॉम्प्युटर धुऊन काढले. काही लोक हसलेही, कडीसरांचीच कडी निघाली म्हणून. सर स्वतःच ते सांगत फिरायचे. मासिकात फॉन्टचं सदर सुरू झालं आणि ते लिहायचं माझ्या गळ्यात आलं. माझ्या पहिल्या लेखावर अकरा लाल गोल होते, मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. आणि कडीकोयंडाच्या नावाखाली एक बारीक ओळ आली, ती शेवटच्या अंकापर्यंत राहिली: 'ज्याच्याकडे बोट दाखवले आहे, त्याला आधी विचारले आहे.' त्यामुळे बातमी कधी महिनाभर उशिरा छापली जायची. दिल्लीचं मासिक पुढे जायचं. सर म्हणायचे, "जाऊ द्या की. त्येला कुटं गेवराईला येऊन माफी मागायचीय?"

दर भेटीत चहा झाला की पिशवीतून तो अंक निघायचा. "सही?"

"नाही सर. अजून नाही."

"आता कावून?"

कारण मी काहीही सांगायची. दिवाळीचं काम आहे, पेन संपलंय, तुमचा शर्ट आज इस्त्रीचा नाही. सर मान हलवून अंक आत ठेवायचे. चार वर्षं हा खेळ चालला. खरं सांगू? सही केली तर ते यायचे थांबतील असं मला वाटायचं. वडील मी लहान असताना गेले. चुकलो म्हणून माझ्या दारात येऊन बसलेला हा एकच मोठा माणूस मी पाहिला होता. तो मला महिन्याच्या महिन्याला हवा होता.

मग इंटरनेट आलं, गेवराईतही कॅफे निघाले, आणि कीड फ्लॉपीऐवजी तारेतून यायला लागली. सरांचा उजवा हात थरथरायला लागला होता. मुलगा लातूरला नोकरीला, तो त्यांना घेऊन जाणार होता. शेवटचा अंक काढून ते गेवराईला आले. चहा झाला. पिशवी मांडीवरच होती, पण अंक काही बाहेर निघेना. ते विचारेनात म्हणून मीच पेन उघडलं. म्हटलं, "सर, आणा तो अंक. सही करते. कधीच पास झालात तुम्ही, माझाच आगाऊपणा होता."

सरांनी अंक काढला. उघडला. माझा हात पुढे आला तसा त्यांनी आपला थरथरता हात त्या रिकाम्या ओळीवर ठेवला.

"राहू द्या ताई," ते म्हणाले. "सही झाली की पेपर गोळा करत्यात. मी अजून लिवतोय."

अंक मात्र त्यांनी परत नेला नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली स्वतःच्या हातानं सरकवला आणि स्टँडकडे गेले. सहा महिन्यांनी लातूरहून त्यांच्या मुलाचं पत्र आलं. मी त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

आता प्लायवूड गेलंय, सगळं दुकान माझं आहे, अण्णाचा किराणा शेजारच्या गाळ्यात. माझ्याकडेही दोन कॉम्प्युटर आहेत, त्यातला एक सोवळ्यातला. पोरं पेन ड्राइव्ह घेऊन येतात. मी विचारते, "कुठून आला? आधी कुणाच्या घरी होता?" पोरं हसतात. काही बिघडलेलं निघालं, तर मी त्याच्या मालकाला आधी फोन करते, मग तोंड उघडते. काचेखालचा अंक पिवळा पडलाय. नवीन मुलगी कामाला लागली, तिनं परवा विचारलं, "ताई, इथं सही राहिली आहे का कुणाची?"

मी म्हटलं, "माझी. राहू दे. सर अजून लिहितायत."